जुळ्यांतलं एक

एक

नकाशात बाबांचा ठिपका नव्हता.

भिंत व्यापून उरणारा तो कागद आदल्याच दिवशी छापून आला होता. डाव्या कडेला वरून खाली साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या गोड द्रव्यांची नावं होती: सॅकरीन, अस्पार्टेम, सुक्रालोज, स्टीव्हिया आणि त्यांची बाकीची भावंडं. वरच्या कडेला आरोग्याचे प्रश्न होते: वजन, दात, रक्तातली साखर, भूक, हृदय, आतडी. द्रव्याची ओळ आणि प्रश्नाचा रकाना जिथे भेटत तिथे एक चौकोन, आणि चौकोनात ठिपके. त्या द्रव्याचा त्या प्रश्नासाठी जगात कुठेही कुणी अभ्यास केला असेल, तर त्याचा एक ठिपका आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात पहिल्या लेखकाचं नाव. काही चौकोन गोवर आल्यासारखे भरले होते. काही कोरे होते.

सुक्रालोजच्या ओळीत, 'वयस्कर माणसांची भूक' या रकान्यातला चौकोन कोरा होता.

उद्याच्या कार्यक्रमासाठी आणलेली बाबांची तसबीर हातात तशीच धरून थोरली त्या चौकोनापुढे उभी राहिली. हा चौकोन तिला नकाशाच्या आधीपासून माहीत होता. तिचं शाळेचं शेवटचं वर्ष, कॉलेज, पहिली नोकरी, या सगळ्या काळात बाबा संध्याकाळी घरी नसत. ते वृद्धाश्रमांच्या जेवणघरांत असत. जेवणाआधी कुणाला कुठल्या बाटलीतलं गोड पाणी दिलं आणि मग त्याने ताटात किती टाकलं, हे काट्यावर जोखून लिहीत असत. शेवटी निघालं ते असं, की त्या पाण्याने भुकेत काही फरक पडलेला दिसला नाही. आई म्हणाली होती, एवढी वर्षं लोकांची उष्टी जोखली आणि हाती आलं काय, तर शून्य. बाबा हसले होते. शून्य आहे हेसुद्धा कुणीतरी जाऊन बघावं लागतं, म्हणाले होते.

आणि आता नकाशा सांगत होता, की इथे कुणी गेलेलंच नाही.

खरं तर ती घरात एकुलती एक. थोरली ती झाली बाबांच्या ऑफिसमुळे. त्यांच्या हाताखाली शिकायला एक मुलगी आली, हुशार निघाली, टिकली, आणि बाबा तिला धाकटी म्हणू लागले. जेवताना सांगत, आज धाकटीने अमुक चूक पकडली, आज धाकटीने तमुक वाचून काढलं. धाकटी आहे म्हणजे कुणीतरी थोरली असणारच, तेव्हा हिला ही बढती न मागता मिळाली. तेव्हापासून पोटात जे दुखायला लागलं ते कुठल्या औषधाने थांबलं नव्हतं. बाबा गेल्यावरही थांबलं नाही. आता नकाशाचं सगळं काम धाकटीच बघत होती, आणि बाबांच्या खोलीत, बाबांच्याच टेबलाशी बसून उद्याच्या बैठकीचे कागद टाचत होती.

"बाबांचं काम कुठे दिसत नाही ते?" थोरलीने विचारलं.

धाकटीने मान वर केली नाही. "सरांच्या नावाने शोधू नका, सापडणार नाही. माझ्या नावाने बघा."

वा, थोरली मनात म्हणाली. माणूस जाऊन पुरता ऋतू उलटला नाही तोवर दारावरची पाटीसुद्धा बदलली.

"इथे कुणाचंच नाव नाही," ती मोठ्याने म्हणाली.

धाकटी उठून आली. तिचं बोट सुक्रालोजच्या ओळीवरून सरकत गेलं आणि त्या चौकोनाशी येऊन थांबलं. तिने बोट उचललं, पुन्हा ओळीच्या सुरुवातीपासून आणलं, पुन्हा तिथेच थांबवलं. तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं.

थोरली विमा कंपनीत दावे तपासायची. जळलेली दुकानं, चोरीला गेलेले दागिने, आणि त्यांच्या मालकांची खोटी आश्चर्यं तिने पोत्याने पाहिली होती. हे आश्चर्य खोटं नव्हतं. तिला नेमका त्याचाच राग आला.

दोन

धाकटीने तिला नकाशाची रीत समजावून सांगितली. आवाज कोरडा ठेवून, वर्गात शिकवल्यासारखी. ग्रंथपाल जगभरच्या साठ्यांतून अभ्यास गोळा करून आणतात. मग चाळणी. पहिल्या लेखकाच्या आडनावाच्या अक्षराप्रमाणे गठ्ठे पाडतात आणि प्रत्येक गठ्ठा दोन माणसांकडे जातो. दोघांनी वेगवेगळं बसून बघायचं, एकमेकांशी बोलायचं नाही. दोघांनी 'नको' म्हटलं तरच अभ्यास बाहेर. आणि आपला स्वतःचा अभ्यास कुणी चाळायचा नाही.

"हा सरांचाच नियम," ती म्हणाली. "मी त्या पेपरची एक लेखक आहे. चाळणीत तो कुठे गेला, मला बघायचीही मुभा नव्हती."

थोरलीने विचारलं, मग आता एक ठिपका छापायला अडचण काय. धाकटीने मान हलवली. हाताने ठिपका लावता येत नाही, नाहीतर उद्या कुणीही येऊन आपल्या आवडीचं टिंब काढील. वाटेत तो कुठे पडला ते सापडलं, तर तिथून उचलून रीतसर पुन्हा चाळता येईल. आणि ते आजच व्हायला हवं. उद्या सकाळी सल्लागार समिती या नकाशापुढे बसणार, कोरे चौकोन वाचणार, आणि कुणी कुठे नवा अभ्यास करायचा ते ठरवणार.

म्हणजे उद्या समितीच्या दप्तरी लिहिलं जाणार, की या प्रश्नाकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही. थोरलीला हे ऐकताना आपल्या रिकाम्या संध्याकाळी आठवल्या. बाबा घरी नव्हते हे तिला पक्कं ठाऊक होतं. आता ते तिथेही नव्हते, तर होते कुठे?

"तो बाबांचा ठिपका आहे," ती म्हणाली. "तो मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"आमचा," धाकटी म्हणाली. इतकं हळू, की ते थोरलीसाठी होतं की स्वतःसाठी, कळलं नाही.

दोघी क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या. एक घास, दोन मांजरी. मग धाकटीनेच नजर काढून घेतली आणि सांगितलं, की गठ्ठा चाळणारे दोघंही आज हजर आहेत, एक आकडेवाले काका आणि दुसरे ग्रंथपाल. त्यांना विचारा.

आकडेवाल्या काकांची खोली उघडी होती आणि काका खोलीत नव्हते. थोरली आत वाट बघत उभी राहिली. दुसऱ्याच्या टेबलावरचे कागद वाचणं वाईट असतं, पण तिला त्याचाच पगार मिळायचा. समोर एक टंकलेला प्रस्ताव होता, शाई ताजी. वर ठळक अक्षरात मथळा: 'सुक्रालोज आणि वयस्कर माणसांची भूक: या विषयावरचा पहिलाच अभ्यास'.

तिच्या पाठीमागे दार लागल्याचा आवाज झाला.

तीन

"वाचलंस ना?" काका म्हणाले. "मग बस आता. उभ्याने शिव्या नीट देता येत नाहीत."

काका बाबांचे कॉलेजपासूनचे मित्र. आकडे त्यांचे आणि भाषणं बाबांची, असा दोघांचा संसार. पुढे बाबा विभागप्रमुख झाले आणि काका त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले ते बसलेच. जिभेवर कायम साखर, त्यामुळे पोटात काय आहे ते कुणाला कळत नसे. थोरलीला लहानपणी ते खांद्यावर बसवून फिरवायचे.

त्यांनी काही लपवलं नाही. काल नकाशा छापून आला तेव्हा तो चौकोन कोरा आहे हे त्यांना एका नजरेत दिसलं. ओरडायला हवं होतं. ते गप्प बसले, खोलीत आले आणि प्रस्ताव लिहायला घेतला.

"तुझा बाबा चांगला माणूस होता," ते म्हणाले. "हेच तर दुखणं होतं, बाळ. वाईट माणसाचा हेवा करायला सोपं जातं. काल त्याची एक जागा रिकामी दिसली आणि वाटलं, आता तरी बस की बाबा तिथे. कुणी उठवणार नाही."

"आणि ती जागा रिकामी केली कुणी?"

ते मात्र आपण नाही, काका म्हणाले. बाबांचा पेपर चाळणीत त्यांच्यापुढे आलाच नव्हता, येणारही नव्हता. बाबांच्या आडनावाचा गठ्ठा बाहेरगावच्या दोन तपासनिसांकडे होता. काकांना वाटलं, तिथे तो रीतसर पास झाला असणार. त्यांच्या आणि ग्रंथपालांच्या गठ्ठ्यात आला होता तो त्याच अभ्यासाचा गोषवारा. कुठल्याशा परिषदेत धाकटीने वाचलेला, म्हणून तिचं नाव वर. जेमतेम अर्धं पान. नुसते गोषवारे नकाशात घ्यायचे नाहीत, पुरा पेपर हवा, हा साधा नियम. त्यांनी 'नको' म्हटलं.

थोडं थांबून ते म्हणाले, "खोटं कशाला सांगू? वर तिचं नाव बघितलं आणि 'नको'वर बोट जरा जोरातच पडलं. तुझ्या बाबाची शेजारची खुर्ची माझी होती ना. तीसुद्धा हिने घेतली."

थोरलीला काकांचा राग यायला हवा होता. त्याऐवजी तिला असं वाटलं, की एकाच दुखण्याचे दोन पेशंट दवाखान्याच्या एका बाकावर बसले आहेत. ती झटकन उठली.

दाराशी तिने विचारलं, की तो पेपर बाहेरगावच्या लोकांनी पास केला हे काकांनी कधी विचारून बघितलं का. चाळणीत कुणी कुणाला विचारत नाही, काका म्हणाले. मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी फोन उचलला, बाहेरगावच्या एका तपासनिसाशी दोन वाक्यं बोलले आणि फोन ठेवून दिला.

"त्यांच्याकडे तो पेपर गेलाच नाही," ते म्हणाले. "कधीच नाही."

चार

ग्रंथपालांना हे ऐकवलं तेव्हा ते आधी हसले. त्यांचं हसणं म्हणजे ओठ एका बाजूला जरा सरकायचे, एवढंच.

"म्हणजे मला सापडला नाही असंच ना? म्हणा, म्हणा. नकाशात नाव नाही, निदान चुकीत तरी असू दे."

हे त्यांचं जुनं गळू होतं. नकाशाच्या कोपऱ्यात लेखकांची नावं होती आणि ग्रंथपाल खाली, 'सहकार्याबद्दल आभार' या ओळीत, छापखान्याच्या शेजारी. जगभरचं कोठार उपसून आणणारा माणूस आणि कागद कापणारा माणूस एकाच पंगतीला, असं ते म्हणायचे, आणि हे वाक्य त्यांनी एवढ्या लोकांना ऐकवलं होतं की आता त्याला धार उरली नव्हती. धाकटीचं नाव मात्र कोपऱ्यात सर्वांत वर होतं. तिला ते पाण्यात पाहत.

थोरलीने त्यांना बोलू दिलं. दावेदाराला आपलं रडगाणं पुरतं गाऊ द्यावं, मग तो कामाचं बोलतो, हा तिचा अनुभव होता. तसंच झालं. ग्रंथपाल म्हणाले, की पेपरही सापडला होता आणि गोषवाराही सापडला होता. दोन्ही त्यांनीच आणून दिले होते. मथळा अक्षरशः एकच. म्हणजे ती जुळी.

"जुळी म्हणजे?"

ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला जुळ्यांचं सांगितलं नाही कुणी?"

कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी सांगितलं. एकच अभ्यास चार ठिकाणांहून चारदा येतो. म्हणून चाळणीच्या आधी यंत्र सारख्या दिसणाऱ्या जोड्या काढून पडद्यावर शेजारी शेजारी मांडतं. माणसाने ज्यावर बोट ठेवलं ते राहतं, दुसरं टोपलीत जातं. चाळणीला दोन माणसं लागतात आणि कारण लिहावं लागतं. जुळ्यांना एक बोट पुरतं, कारण कुणी विचारत नाही, आणि स्वतःच्या पेपरला हात लावायचा नाही हा नियमही तिथे नाही.

"मी सरांना म्हटलं होतं, इथेही नियम करा. तर म्हणाले, अहो, जुळ्यांत कसला आलाय पक्षपात?"

त्यांनी टोपली उघडली. टाकलेल्या जुळ्यांच्या ढिगात त्यांनी मथळा शोधला आणि पडदा तिच्याकडे वळवला. बाबा तिथे होते. पुरा पेपर, सगळे तक्ते, वर पहिलं नाव बाबांचं, मग वृद्धाश्रमांच्या डॉक्टरांची, आणि सगळ्यांच्या शेवटी धाकटीचं.

म्हणजे कुणीतरी भरलेलं ताट टोपलीत टाकलं आणि अर्ध्या पानाचा गोषवारा ठेवला. मग तो गोषवारा धाकटीच्या नावाच्या गठ्ठ्यातून काका आणि ग्रंथपाल यांच्यापुढे गेला, आणि दोघांनी नियमाप्रमाणे त्याचा गळा घोटला. दोघांचीही समजूत, की पुरा पेपर बाहेरगावी सुखरूप आहे. दोघं एकाच मजल्यावर बसत होते, पण चाळणीत बोलायचं नाही, हा नियम दोघांनी पाळला होता.

"बोट कुणाचं?"

"ते यंत्र सांगत नाही. जुळ्यांचं काम सगळे एकाच नावाने उघडतात. तुमचे बाबा गेले त्या आठवड्यातलं आहे हे. तेव्हा कोण कधी आलं आणि कधी गेलं, कुणाचं कुणाकडे लक्ष होतं?" ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला. "मी असू शकतो. ते आकडेवाले असू शकतात. ती असू शकते. आणि खरं सांगू, ज्याने केलं त्याला पुढे काय होणार हे माहीत असणारच. अर्धं पान चाळणीत मरतं, हे इथल्या शिपायालाही माहीत आहे."

पडद्यावरच्या नावांकडे बघता बघता थोरलीच्या मनात काहीतरी अडकलं. चपलेत खडा गेल्यासारखं.

"नाही," ती सावकाश म्हणाली. "एका माणसाला ते माहीत नव्हतं. चला, सगळ्यांना बसू दे एकत्र."

पाच

नकाशाखालच्या लांब टेबलाशी चौघं बसली. काका खिडकीकडे, ग्रंथपाल दाराकडे, धाकटी मधे. थोरलीने तसबीर भिंतीला टेकवून ठेवली होती. बाबा सगळ्यांच्या डोक्यावरून कुठेतरी बघत होते.

ती म्हणाली, की आपल्या धंद्यात चोरी कुणी केली हे आपण आधी विचारत नाही, कारण त्यावर सगळे खोटं बोलतात. आपण विचारतो, हरवलेली वस्तू कुठे आहे असं तुम्हाला वाटत होतं? त्यावर माणूस खरं बोलतो. बोलतोय हे त्याच्या लक्षातही येत नाही.

"काकांना वाटत होतं, पेपर बाबांच्या गठ्ठ्यात, बाहेरगावी आहे. ग्रंथपालांनाही तेच. पेपरवर पहिलं नाव बाबांचं, तेव्हा ठिपक्याखाली बाबांचंच नाव असणार. कोणालाही असंच वाटेल. मलाही वाटलं. मी आल्या आल्या बाबांचं नाव शोधत होते." ती धाकटीकडे वळली. "तुम्ही मला काय म्हणालात?"

धाकटी समोरच्या कागदांची चवड सारखी करू लागली, तेव्हा थोरलीनेच सांगितलं.

"सरांच्या नावाने शोधू नका, माझ्या नावाने बघा. मी समजले, ही मिजास आहे. पण तुम्ही मला नुसती जागा सांगत होतात. पेपरवर तुमचं नाव सगळ्यांत शेवटी आहे. पहिलं आहे ते फक्त गोषवाऱ्यावर. ठिपका तुमच्या नावाखाली असेल असं फक्त त्यालाच वाटेल, ज्याने गोषवारा राहताना बघितला. म्हणजे ज्याचं बोट होतं त्याला."

काका खिडकीबाहेर बघू लागले.

"आणि मग मला पाठवलंत तेही तुमच्या गठ्ठ्याच्या माणसांकडे. बाबांच्या गठ्ठ्याचं नावसुद्धा काढलं नाहीत. चाळणी अगदी नीट समजावलीत, जुळी तेवढी गाळलीत."

"पण तुम्हीच मघाशी सांगितलंत, नकाशापुढे ती पांढरी पडली. ते का मग?" ग्रंथपाल मधेच म्हणाले. त्यांना धाकटी सापडल्याचा आनंद होता, पण हिशोब जुळल्याशिवाय तो घेता येत नव्हता. "स्वतःच मारलेलं मेलेलं बघून?"

"त्यांनी मारलं नव्हतं," थोरली म्हणाली. "तुम्ही किंवा काकांनी हे केलं असतं, तर पुढचं मरण तुमच्याच हातून व्हायचं होतं, तुम्हाला ते कळलंच असतं. यांनी गोषवारा ठेवला आणि तिथून पुढे यांना मनाई. स्वतःच्या अभ्यासाचं चाळणीत काय झालं ते बघायचं नाही. आज सकाळपर्यंत यांची समजूत होती, की ठिपका भिंतीवर आहे, फक्त नाव बदलून."

मग धाकटी बोलली. ती टेबलाकडे बघून बोलत होती.

बाबा गेले त्या दिवशी ती घरी आली होती. दारात एक मावशी उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, आपण कोण? नातं सांगायची वेळ आली आणि तिला काही सांगता येईना. ऑफिसातून, ती म्हणाली. मावशींनी तिला चपला ठेवायची जागा दाखवली. आत रडणारी माणसं रक्ताची होती, त्यांना रडायचा हक्क होता. ती मागे भिंतीशी उभी राहिली आणि थोड्या वेळाने निघून ऑफिसात आली, कारण दुसरीकडे कुठे जायचं ते तिला कळेना.

"जुळ्यांचं काम तुंबलं होतं. ते घेऊन बसले. एकामागून एक जोड्या येत होत्या आणि एकदम ती आली. एका बाजूला पेपर. वर सर, खाली मी, मधे सगळं गाव. दुसऱ्या बाजूला गोषवारा. त्यावर दोनच नावं. शेजारी शेजारी." ती थांबली. "माझं आधी होतं. तेही आवडलं मला. नाही कशाला म्हणू?"

"पण अर्धं पान चालत नाही, हे तुलाच माहीत नाही?" काका म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच साखर नव्हती. "नियम तू टाईप केलेस."

"माहीत आहे. पण मी तेव्हा पेपर बघत नव्हते, काका. नावं बघत होते." मग ती थोरलीकडे वळली. "तुमच्याकडे आडनाव आहे, घर आहे, त्यांचे कपडे असतील, चष्मा असेल. तुम्हाला कुणी विचारत नाही, तुम्ही कोण. मला वाटलं, एवढा एक ठिपका घेतला तर काय बिघडलं."

थोरली इतकी वर्षं या मुलीला जिंकलेली समजत होती. बाबांची सगळी हुशार वाक्यं हिला, बाबांचे दिवस हिला, घरी यायचा तो दमलेला, अर्धा वापरलेला बाबा आपल्याला. आणि ही तिकडे बसून त्याच अर्ध्या बाबाचा हेवा करत होती. हे कळून थोरलीचं मन हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. उलट वाटलं, मत्सरसुद्धा एकटीचा राहू दिला नाही हिने.

सहा

पुढचं काम रीतसर झालं. ग्रंथपालांनी टोपलीतून पेपर उचलला आणि पुन्हा चाळणीत घातला. काका आपल्या खोलीत गेले, ग्रंथपाल आपल्या, दोघांनी दारं लावून घेतली. जाताना काकांनी बरोबर आणलेला प्रस्ताव घडी करून खिशात घातला. मथळ्यात फक्त 'पहिलाच'च्या जागी 'दुसरा' लिहायचं, ते म्हणाले, दुसऱ्या खुर्चीची त्यांना सवय आहे.

राहिली ती नोंद. पेपर टोपलीतून परत का आला याचं कारण लिहावं लागणार होतं, आणि ते उद्या समितीपुढे वाचलं जाणार होतं. धाकटी कीबोर्डवर हात ठेवून बसली होती.

"यंत्राची चूक असंही लिहिता येतं," ती म्हणाली. "यंत्र अशा चुका करतं. कुणी विचारणार नाही." ती विनवत नव्हती. दोन जुळी समोर मांडावीत तशी तिने दोन वाक्यं मांडली होती.

थोरलीला ठाऊक होतं, की खरं वाक्य लिहिलं तर ही मुलगी उद्या सगळ्यांसमोर मान खाली घालून बसेल, आणि कदाचित नकाशाचं पुढचं काम हिच्याकडे राहणार नाही. खोटं लिहिलं तर बाबांच्या ठिपक्याखाली कायमचं एक खोटं राहील. हे अगदी खरं होतं. पण आपल्याला तिची मान खाली गेलेली बघायची आहे, हेही खरं होतं, आणि दोन्हींतलं कुठलं आधी हे तिला सांगता आलं नसतं.

"खरं लिही," ती म्हणाली. आपण 'तू' म्हणालो हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

धाकटीने लिहिलं: जुळं काढताना पुरा पेपर टाकून गोषवारा ठेवला, तो मी. खाली स्वतःचं नाव घातलं. मग खुर्ची बाजूला सरकवली, म्हणजे थोरलीला पडदा दिसावा.

आधी एका खोलीतून 'घ्या' आलं, मग दुसरीतून. सुक्रालोजच्या ओळीतल्या कोऱ्या चौकोनात एक ठिपका उगवला. तो फार लहान होता. ज्या अभ्यासात माणसं जास्त त्याचा ठिपका मोठा, आणि बाबांचे म्हातारे मोजकेच होते. थोरलीने पुढे वाकून खालची अक्षरं वाचली. बाबांचं आडनाव, तिचंच आडनाव. ते तिथे होते. त्या सगळ्या संध्याकाळी ते तिथेच होते.

आता भिंतीवरचा कागद पहाटे नवा छापून आणायचा होता. धाकटीने छापखान्याला फोन केला, मग टाचलेले कागद एक एक उघडून जुनी पानं काढू लागली. थोरली तिच्यासमोर बसून नवी पानं लावू लागली. कुणी कुणाला मदत मागितली नव्हती.

"एक विचारू?" धाकटी म्हणाली. "सर घरी चहात साखर घ्यायचे का? इथे कधीच नाही. जिभेवर गोड राहिलं की बाटल्यांतला फरक कळत नाही, म्हणायचे. आम्ही सगळेच बिनसाखरेचा प्यायला लागलो. मला उगीच वाटायचं, घरी कसा घेत असतील."

घरी बाबा दोन चमचे घालत. मग आई बघत नाही अशी खात्री करून तिसरा. चमचा चाटून पुसून परत साखरेच्या डब्यात ठेवत, आणि डब्यात ओल्या साखरेचा गोळा सापडला की आई घर डोक्यावर घेई. मग बाबा थोरलीकडे बोट दाखवत, आणि थोरली ते आपल्यावर घेई. हे कुठल्याच पेपरात नव्हतं.

धाकटी वाट बघत होती, हातातलं पान अर्धवट उलटून.

"नाही," थोरली म्हणाली. "घरीही बिनसाखरेचाच."

धाकटीने मान डोलावली, जणू तिला हे माहीतच होतं.